मागून येणारा आवाज

आमच्या गावच्या घरातली सगळ्यात शांत खोली म्हणजे धानाची. दिवाळीनंतर कापणी-मळणी आटोपली की तिच्यात छताला टेकतील अशी पोती रचली जातात. मग तिथे टाळी वाजवा, ती हातातल्या हातात संपते. शहरातले लोक अशा शांततेसाठी भिंतीभर फोम चिकटवतात. मला ती दर हिवाळ्यात फुकट मिळते, उंदरांसकट.

मी राहतो लाखनीला. हायवेला लागून टायरच्या दुकानामागे माझी एक खोली आहे. मी तिला स्टुडिओ म्हणतो, माझी माय तिला 'तुही कोठडी' म्हणते. भजनी मंडळं येतात, दंडारीचं लोकनाट्य करणारी पोरं येतात, लग्नात डीजेवर स्वतःचं गाणं वाजवायची हौस असलेले नवरदेव येतात. बाहेर ट्रक चालूच असतात, त्यामुळे मी सगळ्यांना दोन ट्रकांच्या मधल्या जागेत गायला शिकवलं आहे. जरा कुठे हॉर्न वाजला की माझं डोकं सटकतं, आणि गाणारे बिचारे उगाच माझी माफी मागतात.

त्या हिवाळ्यात मायच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो बघितले आणि सांगितलं की गाठ साधी आहे, भ्यायचं कारण नाही, पण आवाजाची नस तिला चिकटून गेली आहे. ऑपरेशननंतर आवाज बदलेल. कदाचित परत येईल, कदाचित नाही येणार. परतीच्या बसमध्ये भंडाऱ्याच्या पुलावरून वैनगंगा दिसायला लागली तेव्हा माय खिडकीकडे बघतच म्हणाली, "बाबू, रोवण्याचे गाणे भरून घे माह्यापासून. मंग राहीन का नाई राहीन हा गळा."

मी हो म्हटलं.

रोवण्याची गाणी म्हणजे बांधीत, पाणी भरलेल्या शेतात, धान रोवताना बाया म्हणतात ती. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि सगळ्यांनी वाकलेल्या पाठीनं मागे मागे सरकत जायचं. मी लहान असताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून त्या पाठी बघत असे. चेहरे दिसायचेच नाहीत. नुसत्या पाठी, पाण्यात पडलेलं आभाळ, आणि त्या आभाळातून चालल्यासारखं गाणं. त्यात पुढचा आवाज मायचा असे. आणि त्याच्या मागून, अगदी अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, दुसरा एक आवाज येई. तो भुजलीचा.

भुजली हे तिचं नाव नव्हे. आमच्याकडे श्रावणात टोपलीत गव्हाचे अंकुर उगवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते एकमेकींना देऊन दोन बाया जन्माच्या सोबतिणी होतात. त्याला भुजली बदणं म्हणतात. त्यानंतर एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, 'भुजली' म्हणायचं. माय आणि आमच्या समोरच्या घरची काकू एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या आणि त्याच श्रावणात त्यांनी भुजली बदली. काकूचं माहेर बपेऱ्याकडचं, नदीकाठचं. मायच्या तोंडी असलेली अर्धी गाणी तिनंच तिकडून आणलेली. पण ती स्वभावानं इतकी बुजरी की स्वतः पहिली ओळ कधी उचलायची नाही. "तू हो पुढं, मी आहो मांगं," असं म्हणायची आणि खरंच मागे राहायची. बाकीच्या बाया तिला चिडवत, "इचं गाणं पायी येते." ती हसायची, आणि पुन्हा तशीच मागून यायची.

तीन-चार वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन काकू गेली. त्यानंतरही माय रोवण्याला जात राहिली, पण बांधीत तिनं तोंड उघडलं नाही. हल्ली तसंही धुऱ्यावर कुणाच्या तरी मोबाईलवर गाणी लागलेली असतात, त्यामुळे कुणाला फारसं जाणवलं नाही. मला जाणवलं होतं. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप, माईक, वायरी असा सगळा संसार मोटरसायकलवर बांधून गावी आणला आणि धानाच्या खोलीत मांडला. पहिलीच अडचण अशी आली की मायला बसून गाता येईना. उभं राहूनही येईना. दोन ओळी म्हणायची आणि थांबायची. मग स्वतःच उठली, पदर खोचला, गुडघ्यांत किंचित वाकून कमरेतून खाली झुकली आणि म्हणाली, "असं असल्याबिगर ते निघतच नाई." मी माईकचा स्टँड पार खाली, तिच्या गुडघ्यापर्यंत आणला. ती वाकली की हेडफोन घसरून नाकावर यायचा, म्हणून तो तिच्या डोक्याला माझ्या दुपट्ट्यानं बांधला. आरशात बघून ती म्हणाली, "मी तं दात दुखणाऱ्या बाईवानी दिसतो."

तरीही गाणं लागेना. हेडफोनमध्ये तिला स्वतःचा कोरडा आवाज ऐकू येत होता, आणि पोत्यांनी त्यातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतलं होतं. मला हवी होती ती शांतता तिला नको होती.

"हा आवाज माहा नोहे," ती म्हणाली. "पोत्यात जाऊन राहिला."

मग मी तिच्या आवाजावर घुमाऱ्याचा, म्हणजे आवाज घुमवणारा, इफेक्ट लावला. माझ्याकडे होता त्यातला सगळ्यात मोठा, मोकळ्या जागेचा. तिनं एकच ओळ म्हटली आणि थबकली. तोंडभर हसली. "आता तलावाच्या पारीवर आली मी," म्हणाली. त्या हसण्याच्या भरात मी आणखी इफेक्ट चढवत गेलो. एक खरखर काढणारा, एक आवाज भारदस्त करणारा, एक जरासा गोडवा आणणारा. आपल्या आईचा आवाज आहे, त्याला जे जे चांगलं ते ते लागलं पाहिजे, असं मला वाटत होतं.

नदीपलीकडे दिलेल्या बहिणीचं गाणं होतं. भाऊ तिला आणायला निघतो आणि नाव नेमकी पलीकडच्या काठाला असते. दुसऱ्या कडव्यात मायचा आवाज वर चढला आणि कट् झाला. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा आवाज, पुन्हा कट्.

माय सरळ उभी राहिली. तिचा हात गळ्यावर गेला होता.

"तुटला," ती म्हणाली.

"लॅपटॉप तुटून राहिला माय. तू नाई."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा त्याच चढावर आवाज गेला. तिसऱ्यांदा तर अख्खा शब्दच गायब झाला. तिनं दुपट्टा सोडला, हेडफोन काढून पोत्यावर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "डॉक्टर बरोबर म्हणे. आतापासूनच जाऊन राहिला आवाज."

माझा संताप झाला. मायवर नाही, त्या यंत्रावर. मी शेजारच्या पोत्यावर जोरात बुक्की हाणली. पोत्यामागून एक उंदीर पळाला. एरवी माय यावर पोट धरून हसली असती. ती हसली नाही, चुलीकडे निघून गेली. मला भीती वाटली ती याची. गाठीचं डॉक्टर बघून घेतील, पण आपला आवाज गेला असं तिच्या मनानं एकदा घेतलं तर मग भरायला काही उरणार नव्हतं.

मी चुलीपाशी जाऊन बसलो. तिला पटेल असं कसं सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी विचारलं, "माय, रोवताना परे फेकणारा मांगं पडला तं काय होते?"

परे म्हणजे धानाची रोपं. त्यांच्या पेंढ्या एक जण बायांच्या मागे पाण्यात फेकत जातो, त्या उचलत बाया रोवतात.

"काय होते? हात रिकामे राहते. बाया उभ्या होते."

"तसंच झालं हाय. हा लॅपटॉप परे फेकून राहिला. तुह्या आवाजाच्या बारक्या बारक्या पेंढ्या. अन् मी त्याच्या डोक्शावर चार बोझे ठेवले. त्याचा हात मांगं पडते, अन् तेवढ्यापुरतं कानात काईच येत नाई. तुह्या गळ्यातून तं बरोबर येऊन राहिलं."

तिनं जाळ सारखा केला.

"मंग बोझा उतरव ना त्याचा. मले काहून सांगतं?"

तेवढं बोलली म्हणून माझा जीव भांड्यात पडला. उठून कामाला लागलो.

पहिल्यांदा घुमारा तेवढा ठेवून बाकीचे तिन्ही इफेक्ट काढले. खरखर काढणाराच सगळ्यात खादाड निघाला. तो गेल्यावर लॅपटॉपच्या पंख्याची घरघर कमी झाली. मागे उघडी पडलेली इंटरनेटची पानं बंद केली, वायफाय बंद केलं. मग लक्षात आलं की लॅपटॉप बॅटरीवर चालला आहे, आणि बॅटरी वाचवायच्या नादात तो स्वतःच हळू झाला आहे. स्वयंपाकखोलीतून लांब वायर ओढून चार्जर लावला. तालासाठी मी स्टुडिओतून आधीच भरून आणलेल्या ढोलकीवरचे इफेक्ट त्या ढोलकीतच कायमचे मुरवून टाकले, म्हणजे ते दर वेळी नव्यानं करायला नकोत. एवढं सगळं झालं, मायला पुन्हा उभं केलं, आणि चढाच्या जागी आवाज पुन्हा एकदा कट् झाला. एकदाच, पण झाला.

घुमारा पूर्ण काढला असता तर लॅपटॉप खुशीत चालला असता. पण मग माय पुन्हा पोत्यांत अडकली असती.

आता एकच उपाय उरला होता, बफर वाढवायचा. म्हणजे परे फेकणाऱ्याला आधीच भरपूर पेंढ्या साठवून द्यायच्या. हात रिकामा राहत नाही, पण पेंढी पोचायला वेळ लागतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात उशिरा ऐकू येतो. माझ्या स्टुडिओत मी हे कधीच करत नाही. आपलाच आवाज मागून आला की चांगले चांगले गाणारे अडखळतात. एका भजनी बुवांनी तर हेडफोन काढून मला शिव्या दिल्या होत्या. उशीर घालवणं हीच माझी अर्धी रोजीरोटी आहे. पण दुसऱ्या दिवशी आम्हाला नागपूरला निघायचं होतं. मी बफर वाढवला, इतका वाढवला की माझी मलाच लाज वाटली, आणि मायला म्हणालो, "काही बिघडलं तं थांबजो."

ती वाकली आणि गायला लागली.

पहिली ओळ झाली आणि तिचा चेहरा पालटला. मला वाटलं, आता अडखळणार. ती अडखळली नाही. ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळली, कुणाला तरी वाट करून दिल्यासारखी, आणि मग पुढची ओळ उचलली. डोळे मिटलेले होते. उजवा हात आपोआप हलू लागला. पेंढीतून दोन-चार काड्या सोडवायच्या, चिखलात खोवायच्या, हात पुन्हा वर. कौलांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी पोत्यांवर उतरली होती आणि तिच्यात धानाची बारीक धूळ सावकाश फिरत होती. माय एक एक पाऊल मागे सरकत होती. मी माईक उचलून तिच्याबरोबर सरकू लागलो. खोली केवढीशी, पण आम्ही किती तरी लांब जात आहोत असं वाटत राहिलं. पडद्यावरची आवाजाची रेघ अखंड चालली होती. भाऊ नदीकाठी आला, नाव पलीकडून निघाली, बहिणीनं पाय पाण्यात ठेवला, आणि गाणं कुठेही तुटलं नाही.

संपल्यावर माय तशीच वाकून राहिली.

"आली," ती म्हणाली.

"कोण?"

"भुजली. तशीच मांगून आली."

माझ्या अंगावर काटा आला. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "पागल नाई झालो मी. मशीन हाय, समजते मले. पण थे अशीच येत होती ना रे." मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चालू ठेव. आठवून राहिलं."

त्या दुपारी तिला जेवायचीही आठवण राहिली नाही. बपेऱ्याकडची, कोणीच म्हणत नाही अशी गाणी एकामागून एक निघत राहिली. मधेच हसायची, मधेच मागे वळून बघायची. मी पुन्हा लहानपणचा धुऱ्यावर बसलेला मुलगाच झालो होतो. इतक्या सुखात मी त्या वर्षात आणखी कधीच नव्हतो, आणि उद्या काय आहे हेही मला माहीत होतं.

संध्याकाळी मी तिला सगळं ऐकवलं. आवाज स्वच्छ होता, चढावरही भरलेला. तिनं पहिलं गाणं मान डोलवत ऐकलं. दुसऱ्याला तिची मान थांबली.

"भुजली कुठं गेली?"

मी विसरलोच होतो. तो उशीर फक्त तिच्या कानात होता. गाणं साठवताना सॉफ्टवेअर तो उशीर मोजतं आणि आवाज गुपचूप त्याच्या जागेवर आणून ठेवतं. माझ्यासारख्यांनी त्याचे आभार मानावेत अशीच ती सोय आहे. मला मात्र त्या घडीला तिचा राग आला. मी तिच्या आवाजाची नक्कल केली, ती थोडी मागे सरकवली, हलकी केली, भरपूर घुमारा दिला आणि पुन्हा लावलं. ऐकायला सुरेख वाटत होतं. माय शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"हा तं माहाच आवाज हाय, बाबू. थे गातानाच येत होती." माझा चेहरा पडलेला बघून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे. भेट तं झाली."

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच होती. पण आवाज गेला. अगदी मुकी झाली नाही माय, बोलायची, पण ते बोलणं वाळलेल्या पानांवरून कुणी चालावं तसं असे. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आम्ही वाट बघितली. होळी झाली, उन्हाळा आला. मी तिची गाणी, घुमारा न लावता, तिच्या मोबाईलमध्ये घालून दिली होती. तिनं ती एकदाही लावली नाही, आणि मीही विषय काढला नाही. चहा हवा असला की ती कपावर चमचा वाजवायची. तो आवाज ऐकला की मला रडू यायचं, मग मी उगाच चिडल्यासारखं करून बाहेर जायचो.

आषाढात परे तयार झाले, गावात रोवणे सुरू झाले. एका दुपारी मी लाखनीहून घरी आलो तर चुलीपाशी कोणी नव्हतं. धानाच्या खोलीतून गाणं ऐकू येत होतं. मायचा जुना आवाज, चढावर भरलेला. मला वाटलं मी घुमारा फार दिला आहे, एवढा कशाला दिला मी? मग ध्यानात आलं की मोबाईलमधलं गाणं कोरडंच आहे. धान केव्हाच गिरणीला गेलं होतं, खोली रिकामी होती, आणि आता तीच घुमत होती.

दारातून बघितलं. मोबाईल समोरच्या कोनाड्यात ठेवला होता. माय पदर खोचून, कमरेतून वाकून, एक एक पाऊल मागे सरकत होती. उजवा हात रिकाम्या जमिनीत परे खोवत होता. आणि ती गात होती. त्या घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात, मोबाईलमधल्या ओळीच्या अर्धा श्वास मागून, काकू गायची तशी.

माझी चाहूल लागली तेव्हा तिनं वर न बघता हात केला.

"थांब बाबू," ती म्हणाली. "थे पुढं हाय. मी आहो मांगं."

मी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर बसलो.